पूल, फेरी आणि खिशातली गोळी: पॅनिक व अ‍ॅगोराफोबियाचे एक प्रकरण

(ओळख कळू नये म्हणून वय, व्यवसाय आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण ३७ वर्षांचे गृहस्थ, पेडणे तालुक्यातले, पणजीत एका खासगी कंपनीत हिशेबनीस. घरी आई, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. रोज बसने धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी आणि मग मांडवीचा पूल. बारा वर्षे हा प्रवास त्यांनी पेपर वाचत नाहीतर डुलक्या काढत केला होता.

फेब्रुवारीत वडील हृदयविकाराने गेले. रुग्णवाहिका येईपर्यंत हे त्यांचा हात धरून बसले होते. पुढचे चार महिने कामात गेले. जूनअखेरीस ऑफिसात हिशेबतपासणी चालू होती, सलग दोन रात्री चार-चार तास झोप झाली होती, सकाळी पोटात दोन कप कॉफीपलीकडे काही नव्हते. मुसळधार पावसात बस मांडवीच्या पुलावर अडकली. खिडक्या बंद. अचानक छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घेरी, श्वास पुरेना, आणि डोक्यात एकच वाक्य: बाबांसारखंच होणार. दहा-बारा मिनिटांत सगळे ओसरले. पणजीत उतरताना उरला होता फक्त थकवा.

समस्या

पुढच्या आठ महिन्यांत चार वेळा ईसीजी, एकदा इकोकार्डिओग्राफी, ट्रेडमिल चाचणी, चोवीस तासांचे होल्टर आणि गॅसच्या संशयाने एन्डोस्कोपी झाली. अहवाल सगळे स्वच्छ. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' हे वाक्य त्यांना चार ठिकाणी ऐकायला मिळाले. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस हायसे वाटे, मग 'तपासणीच्या वेळी दुखत नव्हते, म्हणून सापडले नाही' ही शंका परत डोके वर काढी.

पहिल्या डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी, पण सवय लागू शकणारी गोळी ०.२५ मि.ग्रॅ. दिली होती. ही गोळी शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीतली. प्रत्येक विक्रीला चिठ्ठी लागते आणि दुकानदाराने नोंदवहीत नोंद करायची असते. प्रत्यक्षात एकाच जुन्या चिठ्ठीवर ती आठ महिने मिळत राहिली. रुग्ण मनोविकार दवाखान्यात आले तेव्हा मात्रा सकाळ-संध्याकाळ ०.५ मि.ग्रॅ. झाली होती, शिवाय पुलाआधी एक ०.२५.

तोवर जगण्याचा नकाशाही आकसला होता. बस सुटली आणि स्कूटर आली, कारण स्कूटर कधीही बाजूला घेता येते. पूल सुटला. पर्वरीहून खाली बेतीला उतरायचे आणि फेरीबोटीने पणजी गाठायची. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बंद झाला, जत्रेत गर्दीच्या कडेला उभे राहणे सुरू झाले. खिशात गोळ्यांची स्ट्रिप, पाण्याची बाटली, हातात नाडी दाखवणारे घड्याळ, फोनवर १०८ तयार.

निदान: चुकलेला प्रश्न आणि बरोबर प्रश्न

पहिल्या भेटीत 'भीती वाटते का?' असे विचारले गेले. उत्तर आले: "भिरांत कसली? घुंवळ येता." (भीती कसली? घेरी येते.) घरची बोली कोकणी, आणि भीती हा शब्द त्यांच्या लेखी भित्र्या माणसाचा. चक्कर, घुसमट, धडधड हे त्यांचे शब्द. या एका प्रश्नामुळे पहिली भेट जवळजवळ वाया गेली. दुसऱ्या भेटीत प्रश्न बदलला: 'घुंवळ येते तेव्हा आता काय होईल असे वाटते?' त्यावर दोन मिनिटे शांतता, आणि मग वडिलांच्या मरणाची पूर्ण हकीकत.

दुसरा निर्णायक प्रश्न पुलाबद्दलचा. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा जुना पूल कोसळला होता. त्यानंतर फेरीबोटींवर काढलेल्या दिवसांच्या गोष्टी पेडण्या-बार्देशातल्या घरांत अजून निघतात, या घरातही आई त्या सांगत असे. त्यामुळे हा पुलाचाच विशिष्ट फोबिया असावा असा अंदाज बांधणे सोपे होते. 'पूल पडेल असे वाटते का?' या प्रश्नाला मात्र ते हसले. "पूल कशाला पडेल? मी पडेन, आणि तिथून कोणी मला बाहेर काढू शकणार नाही." भीती पुलाची नव्हती, शरीराची आणि अडकण्याची होती. विशिष्ट फोबिया असता तर नुसता पुलाचा सराव पुरला असता. इथे पूल, बंद बस आणि बाजारातली गर्दी या तिन्हींमागे एकच धागा होता, म्हणून अ‍ॅगोराफोबिया (जिथून सहज बाहेर पडता येणार नाही अशा जागांची भीती); आणि अधूनमधून काहीही निमित्त नसताना, टीव्ही पाहतानाही झटके येत, म्हणून सोबत पॅनिक डिसऑर्डर.

शारीरिक कारणे तरीही तपासावी लागतातच. गंमत म्हणजे चार ईसीजी झाले, पण टीएसएच ही थायरॉइडची तपासणी एकदाही केलेली नव्हती. टीएसएच, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर केली, सामान्य निघाली. होल्टरचा अहवाल पुन्हा पाहिला, हृदयाच्या लयीत बिघाड नव्हता. दमा नाही, फिट नाही. दारूबद्दल थेट आणि प्रमाण मोजून विचारले: शनिवारी दोन बिअर, सकाळी हात थरथरणे नाही. अल्प्राझोलामवर असताना तेही बंद करायला सांगितले, कारण दोन्ही मिळून श्वास आणि शुद्ध दबते. उदासीनतेच्या पीएचक्यू-९ मापनावर २७ पैकी ११, आत्महत्येचे विचार नाहीत. पॅनिकच्या तीव्रतेच्या पीडीएसएस मोजपट्टीवर २८ पैकी १७.

घरच्यांचा प्रश्न होता, 'म्हणजे न्यूरोसिस म्हणतात तो का?' शब्द चुकीचा नाही, जुना आहे. विल्यम कलन या स्कॉटिश वैद्याने तो १७६९ मध्ये वापरात आणला तेव्हा त्याला मज्जातंतूंचे बिघाड अभिप्रेत होते. मराठी पाठ्यपुस्तकांतला 'मज्जाविकृती' हा शब्द तिथूनच आला, आणि 'नसा कमजोर झाल्यात' ही समजूतही. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने १९८० मध्ये हे निदान गट म्हणून मोडीत काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एफ४० ते एफ४८ या गटाच्या शीर्षकात ते उरले होते, अकराव्या आवृत्तीत तेही गेले. रुग्णाला सांगण्यासारखे त्यात इतकेच: नसा शाबूत आहेत, धोक्याची घंटा खोटी वाजते आहे.

पर्याय

घरच्यांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता: म्हापशातच नोकरी पाहायची आणि पणजी सोडायची. यातून लगेच बरे वाटले असते, आणि वर्षभरात म्हापसाही सुटले असते. टाळण्याने मिळणारा दिलासा हेच या आजाराचे खत आहे.

आईला ग्रामदेवतेला कौल लावायचा होता, दिष्ट काढायची होती. त्याला विरोध केला नाही. अट एकच ठेवली: देवाच्या नावाने औषध बंद करायचे नाही आणि देवळाच्या गर्दीत दारापाशी उभे राहायचे नाही, मधे उभे राहायचे. आईला ही अट पटली, किंबहुना पुढे तिनेच ती कडक पाळून घेतली.

नुसते औषध हा तिसरा पर्याय. एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवरच्या औषधगटातल्या गोळ्या झटके कमी करतात, पण आठ महिने टाळलेला पूल आपोआप ओलांडला जात नाही. नुसती वर्तनोपचार पद्धत हा चौथा. तो या रुग्णाला चालला असता, अडचण अल्प्राझोलामची होती. पुलावर जाऊन काही झाले नाही तरी श्रेय गोळीला जाते, 'मी सुरक्षित होतो' हे शिक्षण पक्के होत नाही.

दोन्ही एकत्र हे ठरले, पण खरा वाद क्रमावर झाला. आधी अल्प्राझोलाम काढावी तर गोळी सुटताना येणारी माघारीची लक्षणे (धडधड, घाम, थरथर) हुबेहूब पॅनिकसारखी असतात, आणि हाती दुसरे काही नसताना रुग्ण पळून जाण्याची शक्यता मोठी. सगळ्यात शेवटी काढावी तर सराव अर्धवट. म्हणून असे ठरले: आधी एसएसआरआय गटातली सर्ट्रालिन, मग शरीरातल्या लक्षणांशी सराव, आणि बाहेरचा सराव व गोळी कमी करणे बरोबरीने.

केलेली कृती

सर्ट्रालिन २५ मि.ग्रॅ.ने सुरू झाली. पॅनिकच्या रुग्णांना पहिल्या आठवड्यात अस्वस्थता वाढते, म्हणून नेहमीच्या सुरुवातीच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करतात. तरीही तिसऱ्या दिवशी धडधड वाढली, झोप उडाली आणि त्यांनी गोळी बंद केली. हे होऊ शकते असे त्यांना सांगितले होते. पत्नीला सांगितले नव्हते, आणि 'त्रास होतोय तर कशाला घेता' असे घरात ठरले. दोघांना समोर बसवून पुन्हा १२.५ने सुरुवात केली, आठवड्याने २५, मग ५०, आणि आठव्या आठवड्यापर्यंत १००. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात हे तारखेसह कागदावर लिहून दिले. लैंगिक दुष्परिणामांबद्दल आठव्या आठवड्यात आपणहून विचारले. रुग्ण हे सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात.

पहिल्या महिन्यातच कौटुंबिक डॉक्टरांशी बोलून ईसीजीवर बंधन घातले. पुन्हा तपासणी कधी? चालताना-चढताना येणारी आणि थांबल्यावर कमी होणारी छातीतली कळ, जबडा किंवा डाव्या हातात जाणारी व वीस मिनिटांहून जास्त टिकणारी दुखणी, किंवा शुद्ध हरपणे. बाकी कशासाठीही नाही. ही यादी डॉक्टर, पत्नी आणि रुग्ण तिघांकडे होती.

समजावणी १९८६ साली डेव्हिड क्लार्क यांनी मांडलेल्या चक्रावर बेतली. (मांडवीचा पूल कोसळला तेच साल, रुग्णाला हा योगायोग फार आवडला आणि त्यामुळे चक्र कायमचे लक्षात राहिले.) शरीरात एखादी संवेदना, तिचा 'मी मरतोय' असा अर्थ, त्याने भीती, भीतीने ती संवेदना आणखी वाढणे. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यामुळे मेंदूकडचा रक्तप्रवाह थोडा आखडतो म्हणून घेरी, आणि रक्त अल्कधर्मी होते म्हणून बोटांना मुंग्या. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता, तो बंद करायला सांगितले. खरेच हृदयाचा वा दम्याचा त्रास असला तर तो अंगाशी येतो.

मग तीच लक्षणे मुद्दाम काढली: एक मिनिट जोरजोरात श्वास, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास, खुर्चीत एक मिनिट गोल फिरणे, दोन मिनिटे जागच्या जागी धावणे. हृदय तपासलेले होते, दमा-फिट नव्हती, म्हणूनच हे करता आले. पुलावरच्या झटक्याशी सगळ्यात जास्त साम्य स्ट्रॉचे निघाले. घरी दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तीनदा, दोन आठवडे.

इथे एक चूक झाली. दुसऱ्या सत्रात चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा असा संथ श्वसनाचा व्यायामही शिकवला होता. रुग्ण हिशेबनीस, आकडे मोजण्यात पटाईत. कोलवाळच्या पुलावर ते अख्खा वेळ मोजत बसले आणि 'मोजले म्हणून वाचलो' असा निष्कर्ष काढून आले. खिशातल्या गोळीची जागा आकड्यांनी घेतली होती. सहाव्या सत्रात व्यायाम काढून टाकला. हाती दिलेले साधन परत घेणे कठीण जाते, त्यात दोन सत्रे खर्ची पडली.

बाहेरच्या सरावाची शिडी रुग्णाने स्वतः, भीतीला शंभरपैकी गुण देऊन लावली. कोलवाळचा पूल स्कूटरवरून पत्नीसोबत, ३०. तोच बसने एकट्याने, ४५. शुक्रवारच्या बाजारात भर अकरा वाजता मध्यभागी चाळीस मिनिटे, ५०. म्हापसा-पणजी बस, खिडकीपासून लांब मधली जागा, ७०. मांडवीवरच्याच नव्या उंच अटल सेतूवरून मोटारीने, ७५, कारण एकदा चढले की उतरण्याची सोयच नाही. संध्याकाळी साडेपाचची बस, कॉफी पिऊन, घड्याळ-बाटली-फोनशिवाय, ९५. शेवटची पायरी पावसाची होती: बंद खिडक्या आणि कोंडी. उपचार मार्चमध्ये सुरू झाले होते, तेव्हा जूनची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. तोवर एसी बंद केलेल्या मोटारीत काचा चढवून बसण्यावर भागवले.

प्रत्येक पायरीआधी ते वहीत लिहीत: काय होईल, आणि किती टक्के खात्री. नंतर: काय झाले. भीती उतरेपर्यंत थांबणे हे ध्येय नव्हते, भाकीत खोटे ठरणे हे होते. सगळ्यात उपयोगी प्रश्न फेरीने पुरवला. फेरीतूनही मधेच उतरता येत नाही, मग तिथे घुंवळ का येत नाही? चार दिवस विचार करून त्यांनी लिहिले: 'किनारा दिसतो म्हणून. म्हणजे अडकणे हे कारण नव्हे, मला तसे वाटणे हे कारण.'

अल्प्राझोलामच्या जागी एका आठवड्यात एक मात्रा याप्रमाणे त्याच गटातली क्लोनाझेपाम आणली, सकाळ-रात्र ०.५. ती शरीरात जास्त काळ टिकते, त्यामुळे दोन मात्रांमधले खड्डे बुजतात. आठव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला ०.१२५ मि.ग्रॅ. कमी. ०.२५वर आल्यावर झोप बिघडली, तिथे दोनऐवजी चार आठवडे थांबलो. शेवटचे तुकडे सगळ्यात जड जातात, घाई केली की अख्खी शिडी कोसळते.

दहाव्या आठवड्यात बस पुलावर पंचवीस मिनिटे अडकली आणि रुग्णाने पाकिटातून अल्प्राझोलाम काढून गिळली. 'राखीव' गोळी तिथे पहिल्यापासून होती हे तेव्हाच कळले. रागावण्यात अर्थ नव्हता. गोळी आधी पत्नीच्या कपाटात, पाकिटात फक्त रिकामी स्ट्रिप, असे ठरले. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच हसत सांगत आले की रिकाम्या स्ट्रिपला हात लावला तरी धडधड बसते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी कांदोळीच्या आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनाचा परिणाम कुठल्या अदृश्य चुंबकी द्रवाने होत नाही, तो त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येतो, असे फारिया एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये सांगत होते. ऑफिसला जाताना तो पुतळा रोज पाहणाऱ्या या गृहस्थांना दुसरे उदाहरण द्यावे लागले नाही. स्ट्रिप त्यांनी त्याच दिवशी टाकली.

काय वेगळे करता आले असते

संथ श्वसन शिकवायला नको होते, निदान पूल होईपर्यंत तरी. पत्नीला पहिल्या दिवसापासून खोलीत बसवायला हवे होते. 'खिशात, पाकिटात, ऑफिसच्या खणात काय काय आहे' हा प्रश्न पहिल्याच सत्रात, वस्तू टेबलावर मांडून विचारायला हवा होता; दहा आठवडे वाचले असते.

वडिलांच्या जाण्याचे दुःख मात्र आम्ही बाजूला ठेवले, हा निर्णय अजून वादाचा आहे. पॅनिक आधी आवरले की शोक आपोआप वाट काढेल असा हिशेब होता. तो बराचसा बरोबर ठरला, पण श्राद्धाच्या सुमारास झटके वाढले तेव्हा त्याची तयारी कोणीच केलेली नव्हती.

आणि सगळ्यात आधीची संधी आठ महिने मागे होती. पहिला ईसीजी सामान्य आल्यावर 'काही नाही' ऐवजी 'याला पॅनिक अटॅक म्हणतात, असा घडतो, पूल टाळू नका' एवढे पाच मिनिटांत सांगता येते. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच लागतो असे नाही. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य सेवेत झालेल्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची मदत चिंता-उदासीनतेच्या रुग्णांना उपयोगी पडली, खासगी डॉक्टरांकडे तसा ठळक फरक दिसला नाही. हे रुग्ण चारही वेळा खासगीतच गेले होते.

परिणाम

सव्विसाव्या आठवड्यात क्लोनाझेपाम पूर्ण बंद झाली. त्याच दिवसांत चवथ (गणेश चतुर्थी) आली, आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे सामान आणायला ते म्हापशाच्या बाजारात मुलीला घेऊन गेले. नवव्या महिन्यात पीडीएसएस १७वरून ४, पीएचक्यू-९ ११वरून ३. तीन महिन्यांत दोन छोटे झटके, एक बसमध्ये; ते उतरले नाहीत. सर्ट्रालिन १००वर चालू आहे. आणखी किमान सहा महिने चालेल, आणि मग चार आठवड्यांहून कमी काळात उतरवली जाणार नाही.

फेरीचा प्रश्न तेवढा उरला आहे. ते अजूनही कधीमधी बेतीला उतरतात. म्हणतात, नदीवरचा वारा आवडतो. तेही खरे असेल. म्हणून दोन महिने फेरीच्या प्रत्येक दिवशी कारण लिहायला सांगितले होते. ११ नोंदींपैकी ८ सोमवारच्या निघाल्या, सकाळी पर्वरीत सगळ्यात जास्त कोंडी असते त्या दिवसाच्या. वही पाहून ते स्वतःच म्हणाले, "पुढचे चार सोमवार बस."